२८२ गुणांचा सत्कार



दहावी-बारावीचे निकाल लागले की मोहने-आंबिवलीच्या वस्त्यांमधल्या विहारांच्या फळ्यावर दरवर्षी एक सूचना लागते. 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. ७५ टक्के व त्याहून अधिक गुण असणाऱ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी.' ही सूचना आम्हीही वर्षानुवर्षे लावत आलो. ट्रॉफी आणल्या, शाली आणल्या, नगरसेवकांना खुर्च्या दिल्या, फोटो काढले. यात काही चुकते आहे असे कधी वाटले नाही.

यंदा एक माय गुणपत्रिका घेऊन आमच्या अभ्यासिकेत आली. धुणीभांडी करणारी बाई. म्हणाली, "दादा, पोराला चोपन्न टक्के पडलेत. आमच्या घरात दहावी झालेला हा पहिलाच. याचं नाव नाही का बसणार?" आम्ही म्हणालो, "ताई, नियम पंच्याहत्तरचा आहे." ती काही न बोलता झेरॉक्स घडी करून परत गेली.

त्या रात्री आमच्यात वाद झाला, आणि हा लेख त्या वादातून आला आहे. गुणवंत कोण, हे ठरवण्याची फूटपट्टी आम्ही कुठून उचलली? बाबासाहेबांच्या चळवळीतून तर नक्कीच नाही. ही फूटपट्टी मोठमोठ्या नामवंत शिक्षणसंस्थांची आहे, आणि आम्ही ती न तपासता विहारात आणून ठेवली. म्हणून आधी त्या नामवंत संस्थांचे मानसन्मान तपासू, मग स्वतःकडे येऊ.

मानाच्या यादीचा इतिहास

आपल्या भागातल्या मुलांसाठी 'मोठे कॉलेज' म्हणजे काय? आंबिवलीला कसारा लोकल पकडायची, दीड तास लोंबकळत सीएसएमटीला उतरायचे आणि चालत सेंट झेवियर्स गाठायचे. १८६९ साली जर्मन जेसुइट पाद्र्यांनी काढलेले हे कॅथलिक कॉलेज २०१० पासून स्वायत्त आहे. जेसुइट हा कॅथलिक पंथातला शिक्षणासाठी जगभर ओळखला जाणारा संघ. त्यांची कॉलेजे आणि विद्यापीठे अमेरिकेपासून आपल्या देशापर्यंत पसरलेली आहेत.

या विद्यापीठांमध्ये मानसन्मानांची एक शिडीच असते. अमेरिकेत त्याचे ठळक रूप म्हणजे ऑनर सोसायटी. ऑनर सोसायटी म्हणजे परीक्षेत वरच्या क्रमांकावर असलेल्या विद्यार्थ्यांना निवडून घेणारी मानाची मंडळी. तिचे सभासद होणे हाच सन्मान, आणि तो नोकरीच्या अर्जावर जन्मभर मिरवता येतो. यातली सर्वांत जुनी मानली जाणारी फाय बीटा काप्पा ही संस्था १७७६ सालची. जेसुइट विद्यापीठांची स्वतःची अल्फा सिग्मा न्यू ही संस्था १९१५ साली मार्क्वेट विद्यापीठात सुरू झाली. विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा हे तिचे तीन निकष. सेवेला गुणांच्या बरोबरीने स्थान दिले, ही त्यातली चांगली गोष्ट आहे आणि ती आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ही संस्था सुरुवातीला फक्त पुरुषांची होती. स्त्रियांसाठी वेगळी संस्था निघाली आणि दोन्ही एकत्र यायला १९७३ साल उजाडले. म्हणजे विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा अंगी असूनही पन्नासहून अधिक वर्षे बाईला त्या यादीत जागा नव्हती. मग निकष खरोखर तीनच होते का? चौथा निकष कागदावर नव्हता, पण तोच सर्वांत आधी लागू होत होता.

ज्या १९१५ साली मार्क्वेटमध्ये ही मानाची मंडळी जमली, त्याच साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपल्या भीमरावांनी एम. ए. पूर्ण केले. एका देशात, एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो आहोत. कोलंबियाच्या वर्गात बसायला मिळाले ते कोणत्या मानाच्या यादीमुळे नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून मिळाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या देशात ऑनर सोसायट्या फारशा रुजल्या नाहीत, पण त्यांची कामे करणारी दुसरी नावे आहेत. सुवर्णपदक, गुणवत्ता यादी, आदर्श विद्यार्थी पुरस्कार, जास्तीचे श्रेयांक घेऊन मिळणारी ऑनर्स पदवी आणि शिक्षकांसाठी उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार. नावे वेगळी असली तरी शर्यत संपल्यावर रेषेजवळ उभे राहून पहिला कोण आला ते पाहायचे, ही रीत एकच आहे. तो धावायला कुठून सुटला, हे कोणी पाहत नाही.

आधी दार, मग यादी

मानाच्या यादीत आपले नाव का नसते, याचे पहिले उत्तर दारातच आहे. संविधानाच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले आणि खासगी संस्थांमध्येही अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांसाठी प्रवेशात तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण त्याच कलमात अल्पसंख्याक संस्थांना वगळले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात हे वगळणे वैध ठरवले, आणि २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही अल्पसंख्याक संस्थांवर हे आरक्षण लादता येणार नाही असा निर्णय दिला.

इथे आमची भूमिका स्वच्छ सांगतो, कारण हा मुद्दा निघाला की संघवाले लगेच 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो का' म्हणत पुढे येतात. कलम ३० ला आमचा पाठिंबा आहे. बहुसंख्याकांच्या देशात अल्पसंख्याकांची शाळा वाचवणारे हे कलम आहे, आणि ज्या संविधानाने आपल्याला हक्क दिले त्यानेच ते दिले आहे. चर्चवर दगड मारणाऱ्यांनी आमच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये. पण हक्काचा अर्थ जबाबदारीतून सुटका असा होत नाही. कायदा सक्ती करत नसला तरी संस्था स्वतःहून जागा ठेवू शकते. काही कॅथलिक संस्था तशा ठेवतातही. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. दारातून जे आलेच नाहीत, त्यांच्यातून सुवर्णपदकवाला निघणार कुठून? आणि मग 'आमच्याकडे जात पाहत नाहीत, फक्त गुण पाहतो' हे वाक्य ऐकायला मिळते. गाळून झाल्यावर उरलेल्यांत भेदभाव करत नाही, ही काही मोठी नैतिकता नव्हे.

खुद्द चर्चलाही जात सुटलेली नाही. १६०६ साली मदुराईला आलेल्या रोबेर्तो दे नोबिली या जेसुइटाने ब्राह्मणांना ख्रिस्ती करण्यासाठी संन्याशाचा वेश घेतला, ब्राह्मणी आचार पाळले आणि जातीची उतरंड तशीच राहू दिली. वरचे आले की खालचे आपोआप येतील, हा त्यामागचा हिशेब. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना नेमके यावर बोट ठेवले आहे. मिशनऱ्यांनी शाळा-कॉलेजांवर केलेल्या खर्चाचा मोठा लाभ सवर्ण हिंदूंनी घेतला आणि ज्यांना त्याची खरी गरज होती ते मागेच राहिले, अशी त्यांची तक्रार होती. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याचे मान्य केले. कबुली उशिरा आली, तरी आली याचे आम्ही स्वागत करतो. आता ती कबुली कॉलेजच्या प्रवेशयादीत आणि मानाच्या यादीत कधी उतरते, ते पाहायचे आहे.

वेळ कोणाकडे असतो?

दारातून आत गेले तरी गोष्ट संपत नाही. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी मुंबईतल्या एका नामवंत कॉलेजात शिकली. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण हे कोणत्याही कॉलेजात घडते. वर्गात ती हुशार होती. गुणही चांगले होते. पण मानाच्या यादीसाठी गुणांबरोबर इतर गोष्टीही मोजल्या जात होत्या. संध्याकाळच्या मंडळांतला सहभाग, महोत्सवाचे आयोजन, जास्तीचे प्रकल्प, परिसंवाद. सगळे काही वर्ग सुटल्यानंतर. आणि वर्ग सुटल्यावर या मुलीला लोकल पकडून मोहन्यात येऊन सहावी-सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या असत. त्या पैशांवर तिचा पास निघायचा आणि धाकट्या भावाची फी भरली जायची.

शेवटच्या वर्षी तिने विचारले तेव्हा तिला सांगितले गेले की अभ्यासेतर सहभाग कमी पडला. ती आम्हाला म्हणाली, "दादा, मी रोज पंधरा पोरांना शिकवत होते. त्याला सहभाग म्हणत नाहीत का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. श्रीमंताच्या मुलीने सुट्टीत वस्तीत येऊन आठवडाभर शिकवले तर ती समाजसेवा होते, तिचे प्रमाणपत्र मिळते, ते मानाच्या यादीत मोजले जाते. वस्तीतल्या मुलीने त्याच वस्तीत तीन वर्षे रोज शिकवले तर ती तिची 'घरची अडचण' होते. सेवेचा निकष चांगला आहे असे आम्ही वर म्हटले. पण सेवा कोणाची मोजायची, हे ठरवणारा वरून पाहत असेल तर सेवासुद्धा सवर्ण होते.

फुल्यांनी १८८२ सालीच सांगितले होते

ज्यांना हे सगळे नवे वाटते त्यांनी महात्मा फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन वाचावे. १८८२ सालचे. सरकारी शाळांतल्या शिष्यवृत्त्या स्पर्धेने वाटण्याच्या पद्धतीवर जोतीरावांनी तिथे जो मुद्दा मांडला तो आजही कोणाला खोडता आलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की स्पर्धेने बक्षीस देणे वरवर न्याय्य दिसते, पण त्याने ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही तिथे ते पोहोचत नाही. म्हणून निम्म्या शिष्यवृत्त्या ज्या समाजांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही अशांसाठी ठेवाव्यात, अशी त्यांनी मागणी केली.

जोतीराव स्पर्धेला खोटी म्हणत नाहीत, अपुरी म्हणतात, हे नीट पाहा. बक्षिसाचा हेतू काय, असा त्यांचा प्रश्न आहे. जो पुढे आहे त्याला शाबासकी देणे हा हेतू असेल तर स्पर्धा पुरेशी आहे. शिक्षण पसरवणे हा हेतू असेल तर बक्षीस वेगळ्या माणसाला द्यावे लागेल. प्रत्येक पदकाला, प्रत्येक मानाच्या यादीला आणि आमच्या विहारातल्या ट्रॉफीलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

सन्मान स्वतःहून वाईट नसतो. १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाली देऊन सत्कार झाला. तो मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढणाऱ्याचा सत्कार होता. कोणत्या मुलाला किती गुण पडले म्हणून तो झाला नव्हता. ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांच्यापर्यंत अक्षर नेले म्हणून झाला. आपल्या भूमीतला हा शिक्षकाचा पुरस्कार आहे, आणि त्याचा निकष आजच्या बहुतेक निकषांपेक्षा सरस आहे.

उत्कृष्ट शिक्षक कोण?

आता शिक्षकांच्या पुरस्कारांकडे वळू. कॅथलिक विद्यापीठांत दरवर्षी उत्कृष्ट अध्यापनाचे पुरस्कार दिले जातात. जेसुइटांची यामागची कल्पना मोठी आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला फक्त विषय शिकवायचा नाही, त्याला पूर्ण माणूस म्हणून पाहायचे. कल्पनेशी आमचे भांडण नाही. पण पुरस्कार मिळतो कोणाला? नव्वद टक्क्यांनी आलेल्या मुलांना पंच्याण्णववर नेणाऱ्याला की तिशीत अडकलेल्या मुलाला पंचावन्नपर्यंत ओढून आणणाऱ्याला? पहिल्याचा निकाल फलकावर झळकतो, दुसऱ्याचा झळकत नाही. दुसऱ्याने जास्त काम केले आहे हे कोणीही शिक्षक खासगीत मान्य करेल.

सरकारी पुरस्कारांचीही हीच गत आहे. २०१८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. आपल्या कामाचे पुरावे, फोटो, चित्रफिती स्वतः जोडायच्या. वशिलेबाजीपेक्षा हे बरे, असे म्हणता येईल. पण एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका वर्गात सांभाळणारी बाई मुलांना शिकवेल की स्वतःच्या कौतुकाची फाइल तयार करेल? महाराष्ट्र शासनाच्या शिक्षक पुरस्काराला सावित्रीमाईंचे नाव आहे. शेणाचे गोळे झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीमाईंनी स्वतःचा अर्ज भरला असता का, हा विचार नाव देणाऱ्यांनी करावा.

मोहन्याचेच उदाहरण घ्या. २००९ साली एनआरसी कंपनी बंद पडली. हजारो कामगारांच्या घरातली चूल थंडावली, थकलेल्या देण्यांसाठी माणसे वर्षानुवर्षे आंदोलने करत राहिली. त्या काळात कॉलनीत आणि भोवतालच्या वस्त्यांत शाळा सोडण्याच्या बेतात असलेली किती मुले होती! त्यांना फी न घेता संध्याकाळी बसवणारे, वह्या आणून देणारे, बापाला समजावून मुलीला पुन्हा शाळेत पाठवायला लावणारे शिक्षक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यातल्या एकालाही कोणता पुरस्कार मिळाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. आम्ही तरी कधी दिला?

संस्था कोणाला मान देऊ शकते?

मान कोणाला द्यायचा हा गुणांचा प्रश्न वाटतो, पण तो सत्तेचाही आहे. फादर स्टॅन स्वामी हे जेसुइट होते. झारखंडच्या आदिवासींच्या जल-जंगल-जमिनीसाठी त्यांनी आयुष्य घातले. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी ८४ वर्षांचे असताना कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. विद्वत्ता, निष्ठा, सेवा हे तीन शब्द एका माणसात पाहायचे असतील तर इथे पाहा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेंट झेवियर्समध्ये होणारे त्यांच्या नावाचे स्मृती व्याख्यान अभाविपच्या विरोधानंतर रद्द झाले. दबाव किती असतो हे आम्हाला कळते. संस्थेला धमकावणाऱ्यांचा निषेध आम्ही आधी करतो. पण आपल्याच संघातल्या शहीद माणसाचे नाव घेणे संस्थेला अवघड होत असेल, तर तिच्या मानाच्या यादीत कोण बसते आणि कोण बसत नाही हे फक्त गुणवत्तेवर ठरते असे कोणी म्हणू नये.

संस्था बदलू शकतात, याचे उदाहरणही कॅथलिक जगातच आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या जेसुइट विद्यापीठाला १८३८ साली कर्जाने घेरले होते. तेव्हा जेसुइटांनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसे विकली आणि त्यातला पैसा कर्ज फेडायला गेला. पावणेदोनशे वर्षांनी विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, विकल्या गेलेल्यांचे वंशज पुढे आले आणि २०१७ साली विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. ती विक्री करणाऱ्या अध्यक्षाचे नाव एका इमारतीवरून काढून विकल्या गेलेल्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. वंशजांना प्रवेशात प्राधान्य दिले. हे पुरेसे नाही असे तिथले काळे कार्यकर्ते म्हणतात आणि त्यांचे बरोबर आहे. पण इमारतीवरचे नाव कोणाचे असावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला म्हणूनच सुटला. आपल्याकडच्या नामवंत कॉलेजांतल्या आपल्या मुलांनीही तो विचारायला सुरुवात करावी.

आता स्वतःकडे

दुसऱ्यांना इतके सुनावल्यावर आपल्या विहाराकडे यायला हवे.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. टक्क्यांत मांडले तर ३७.६. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास. त्याचा सत्कार करायला लोक जमले. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले.

साथींनो, त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. आमच्या ७५ टक्क्यांच्या नियमात त्याची झेरॉक्स आम्ही परत केली असती.

त्या सत्कारात काय काय झाले ते पाहा. टक्के कोणी विचारले नाहीत. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला, हे अंतर त्यांनी मोजले. ट्रॉफी नव्हे, पुस्तक दिले, आणि ते पुस्तक १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंतच्या वाटेवरचे पहिले पाऊल ठरले. केळुसकर गुरुजी सत्कार करून घरी गेले नाहीत. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. अध्यक्ष बोल्यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, ज्याच्या अंमलासाठी पुढे महाडचा सत्याग्रह झाला. सत्कार करणारे कसे असावेत, याचा हा नमुना आहे.

यावर काही जण म्हणतील, तुम्ही गुणवत्ता खाली आणता आहात. मुळीच नाही. ज्या माणसाला मॅट्रिकला ३७.६ टक्के होते त्याने पुढे कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. मिळवली. १९५२ साली त्याच कोलंबियाने त्याला सन्माननीय एलएल.डी. दिली. उंची गाठायला बाबासाहेबांनी कधीच नको म्हटले नाही, आणि आपल्या ९५ टक्केवाल्या मुलामुलींचाही आम्हाला अभिमान आहे, त्यांचे कौतुक होईलच. पण मॅट्रिकचा आकडा पाहून त्यांचे पुढचे आयुष्य कोणाला ओळखता आले असते का? केळुसकरांनी आकड्यापलीकडे पाहिले म्हणून पुढचे घडले.

म्हणून आमच्या गटाने मोहन्यापुरते काही ठरवले आहे. इतर वस्त्यांतल्या मंडळांनीही यावर विचार करावा.

सत्काराला टक्क्यांची अट नाही. घरात पहिल्यांदा दहावी किंवा बारावी होणारा, शाळा सुटून पुन्हा परीक्षेला बसणारी, काम करत शिकणारे, नापास होऊन पास झालेले, आणि अर्थात चांगल्या गुणांनी आलेले, सगळे एकाच व्यासपीठावर, एकाच रांगेत.

ट्रॉफी बंद. एक पुस्तक आणि एक माणूस. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक कार्यकर्ता पुढची दोन वर्षे जबाबदारी घेईल. जातीचा दाखला, जात वैधता, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृह. कितीतरी मुले इथेच गळतात, हे आपण सगळे जाणतो.

शिक्षकांचा सन्मान ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला. शिक्षकाने अर्ज करायचा नाही. नाव मुलांनी आणि पालकांनी सुचवायचे. बालवाडीची ताई, रात्रशाळेचे सर, फुकट शिकवणी घेणारी कॉलेजची पोरगी, सगळ्यांची नावे चालतील. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या खुर्च्या नाहीत. पुढची रांग पालकांची.

आणि नामवंत कॅथलिक संस्थांना आमचे सांगणे आहे. तुमच्याकडे किती अनुसूचित जाती-जमातीची, भटक्या-विमुक्तांची, दलित ख्रिस्ती मुले प्रवेश घेतात आणि त्यांतली किती मानाच्या यादीत पोहोचतात, हे दरवर्षी जाहीर करा. लोकलने दीड तास प्रवास करणाऱ्या मुलाला जमेल अशा वेळेत जास्तीचे काम ठेवा. घर चालवण्यासाठी केलेले काम सहभागात मोजा. उत्कृष्ट शिक्षक ठरवताना विचारा की त्याच्या वर्गातले पहिल्या पिढीचे किती विद्यार्थी टिकले. येशूला मानणाऱ्यांना शेवटच्या माणसाची आठवण आम्ही करून द्यावी लागते, हे बरे नाही.

ता. क. चोपन्न टक्केवाल्या मुलाच्या घरी आम्ही जाऊन आलो. नियम बदलला असे सांगितले, आणि आधी परत पाठवले याची माफीही मागितली. त्याला आयटीआयला जायचे आहे. अर्ज भरायला आमच्यातला एक जण त्याच्यासोबत जाणार आहे. त्याच्या आईने ती घडी केलेली झेरॉक्स डब्यात जपून ठेवली होती. तीच आता यादीत पहिली लागली आहे.

जय भीम! जय संविधान!